न फिरणारं मशीन

त्याला सगळे ड्रममास्तर म्हणत. इमारतीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, हे गृहस्थ कुठल्यातरी बँडमध्ये ड्रम वाजवत असणार. एका बाईंनी तर मुलीला शिकवणी लावायची म्हणून दारही ठोठावलं होतं. मग कळे, की यांचा ड्रम म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनमधला, पत्र्याचा, भोकाभोकांचा. बावीस वर्षं तो घरोघरची वॉशिंग मशीन दुरुस्त करत आला होता.

त्याची पद्धत ठरलेली. आधी मशीनला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि एखाद्या वैद्यासारखं निदान करायचं. "बेअरिंग गेलंय." किंवा, "आत केसांची पिन अडकलीय. एक नाही, दोन." आणि आत खरोखरच दोन पिना निघत. या हुशारीमुळे त्याच्या मानेला जरा ताठपणा आला होता. कुणी तक्रार केली, की मशीनने सदऱ्याची वाट लावली, तर तो शांतपणे म्हणे, "मशीन चुकत नाही. बटण दाबणारा चुकतो."

तो एकटा राहायचा, वरच्या मजल्यावर, उघड्या पडलेल्या तीन मशीनच्या सोबतीने. खाली त्याची मोठी बहीण राहायची. ताई रफूचं काम करायची. जिन्याखालच्या छोट्याशा दुकानात बसून ती फाटका कोट असा सांधायची, की मालकालाच भोक कुठे होतं ते शोधावं लागे. तो जेवायला ताईकडे, आणि जेवणाच्या बदल्यात ताईचं मशीन सांभाळायचं काम त्याच्याकडे.

अशाच एका सकाळी त्याने ताईच्या मशीनचं बेअरिंग बदललं. चालवून बघायला काहीतरी हवं, म्हणून खुर्चीच्या पाठीवर होतं ते आत टाकलं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

खुर्चीच्या पाठीवर होता भाऊजींचा स्वेटर.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले. अंगाने भरदार, बोलायला मोजके. तो गडद हिरवा लोकरी स्वेटर त्यांनी वीस हिवाळे वापरला होता. कोपरं ताईने तीनदा सांधून दिली होती. तासाभराने मशीनमधून जे बाहेर आलं, ते ताईने दोन बोटांत धरून वर केलं. बाह्या वीतभर. गळा वाटीएवढा.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"बटण..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पुढचं वाक्य रोजचं, पाठ असलेलं. पण आज बटण दाबणारा तोच होता.

भाऊजी आले, त्यांनी पाहिलं, आणि तो उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी तो स्वेटर शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर होता. तिला तो अगदी मापात बसला होता. ती दिवसभर जिन्यावरून खाली-वर करायची, आणि प्रत्येक वेळी भाऊजी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे. मेहुण्याशी त्यांनी बोलणंच टाकलं. काही सांगायचंच असेल तर ताईमार्फत. "त्याला म्हणावं, मीठ सरकव." मेहुणा हातभर अंतरावर बसलेला असे.

चौथ्या दिवशी ताई वैतागली. "तुझं मशीन कपडे धुतं की कुठलं वैर काढतं रे? माझ्याकडे येणारे अर्धे कपडे अंगावर फाटलेलेच नसतात. तुझ्या त्या ड्रममध्ये आपटून फाटतात."

त्याला ते लागलं. वर जाऊन त्याने एका मशीनची जाळी उपसली. तिच्यात राखाडी मऊ भुगा साचला होता. बावीस वर्षं हा भुगा तो चिमटीने काढून फेकत आला होता. आज पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं, की हा कचरा नव्हे, हा कपडाच आहे. थोडा थोडा करून रोज जाणारा.

त्या दिवसापासून तो गिऱ्हाइकांच्या मशीनमधला भुगा घरी आणू लागला. सुकवायचा, औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या नाजूक तराजूवर तोलायचा आणि बाटलीत भरून वर चिठ्ठी चिकटवायचा: 'चार टॉवेल, गरम पाणी', 'शाळेचा गणवेश, रोजचा', 'ऊब हवी म्हणून दोनदा सुकवलेली चादर'. ताई एकदा वर आली आणि ओळीने मांडलेल्या त्या बाटल्या बघून दारातच थबकली.

"हे काय, लोणच्याच्या बरण्या मांडाव्यात तसं मांडलंयस?"

"ज्या मशीनचा भुगा कमी, ते मशीन मऊ हाताचं," तो म्हणाला. "मी एक बनवणार आहे. सगळ्यांत कमी भुग्याचं."

पहिला प्रयत्न सोपा होता. जुन्या मशीनचं गरगर फिरणं बंद करून त्याने ड्रमला पाळण्यासारखा झुलायला लावलं. ड्रम झुलला. मग मशीनही झुललं. मग ते डुलत डुलत खोलीभर चालत गेलं, नळी ओढून तोडली आणि दाराला पाठ लावून उभं राहिलं. ड्रममास्तर आत कोंडला गेला. बाहेरून दार ढकलायला भाऊजींनाच यावं लागलं. त्यांनी खांदा लावला, मशीन हटवलं, घोटाभर पाण्यात उभ्या मेहुण्याकडे एकवार पाहिलं, आणि खाली गेले.

दुसरं मशीन जागचं हललं नाही. त्यात कपडाही हलला नाही. शाईचा डाग पडलेला रुमाल त्याने तासभर त्यात ठेवला. बाहेर आला तेव्हा डाग तसाच होता, उलट जरा टवटवीत दिसत होता. ताई पोट धरून हसली. "गुदगुल्या करून डाग जातो होय रे?"

"मग तू कशी धुतेस ते दाखव."

ताईने घमेल्यात गार पाणी घेतलं, त्यात कुणाची तरी लोकरी शाल बुडवली. तो शेजारी उकिडवा बसला. तिच्या मनगटाला दोरा बांधून हात किती वर जातो, किती खाली येतो, हे पट्टीवर मोजू लागला. ती दाबायची, सोडायची, थांबायची. पुन्हा दाबायची. दहा मिनिटं झाली तरी त्याचं मोजणं चालूच.

"अरे, मनगट काय मोजतोस?" ती शेवटी म्हणाली. "कपडा मी हलवतच नाही. कपडा आहे तिथेच आहे. मी पाणी हलवते."

त्याने दोरा सोडला. घमेल्यात पाहिलं. शाल खरोखरच जागच्या जागी होती. पाणी तिच्यातून आत जात होतं, बाहेर येत होतं, आणि येताना थोडा थोडा मळ घेऊन येत होतं. बावीस वर्षं पाण्यात काम करून त्याने पाण्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

तिसरं मशीन बनायला सात महिने लागले. त्यात ड्रम नव्हता. एक चौकोनी टाकी, तिच्यात जाळीचा पसरट ट्रे. कपडा ट्रेवर आडवा ठेवायचा. पाणी खालून हळूच चढायचं, कपड्यातून वर यायचं, थांबायचं, उतरायचं. पुन्हा चढायचं. धुऊन झालं की पाणी निघून जायचं. प्रश्न उरला पिळण्याचा. ताई पिळत नसे. ती कपडा टॉवेलमध्ये गुंडाळून तळव्याने दाबत असे. हा तळवा आणायचा कुठून? झाकणाला आतून लावता येईल अशी काहीतरी हवा भरलेली मऊ वस्तू हवी होती.

दोन दिवसांनी खालून आवाज आला. खणखणीत, थेट, ताईला मध्ये न घालता.

"माझी प्रवासाची उशी कुठाय?"

भाऊजी जिना चढून वर आले. मशीनचं झाकण उघडं होतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांची रबरी उशी हवेने फुगत होती, पुन्हा बसत होती, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. खाली ट्रेवर त्यांचेच लोकरी मोजे होते. भाऊजी बघत राहिले. मेहुण्याने झाकण खाली टेकवलं, उशीने मोजे दाबले, पाणी ठिबकलं, मग खालून कोमट वारा सुरू झाला.

"किती वेळ लागणार?" त्यांनी विचारलं.

"सहा तास."

भाऊजींनी खुर्ची ओढली. सहा तास ते तिथेच बसले. शेवटी मोजे पायात चढवून बघितले, अंगठा हलवून बघितला. "बसले," ते म्हणाले. "उशी ठेव तुझ्याकडे."

मान पुन्हा ताठ झाली आणि ड्रममास्तर मशीन हातगाडीवर घालून एका कारखान्यात गेला. तिथे घरगुती मशीन बनत. तिथल्या साहेबांनी सौजन्याने चहा दिला आणि मशीनभोवती दोन चकरा मारल्या.

"फिरतं काय यात?"

"काहीच नाही."

"फेस दिसतो का?"

"फार नाही."

"अहो, मग गिऱ्हाइकाने काचेतून बघायचं काय? आणि सहा तास! लोकांना पाऊण तासात हवं असतं."

हातगाडी परत आली. जेवताना ताईने साहेबाचा असा उद्धार केला, की भाऊजींना खोकला आला.

महिनाभराने ताईच्या दुकानात एक उंच, करड्या चेहऱ्याच्या बाई आल्या. त्या नाटकगृहाचा कपडेपट सांभाळत. त्यांच्याकडे राजाचा एक मखमली कोट होता, त्यांच्या वयापेक्षाही जुना. बाही उसवली होती, पण खरी अडचण वेगळी होती. चाळीस वर्षांचा घाम त्यात मुरला होता आणि कोट धुवायची कुणाची हिंमत नव्हती. ताईने बोटाने वर दाखवलं.

बाईंनी कोट दिला नाही. आधी एक हातमोजा दिला. मग झालरीचा रुमाल. मग राणीची एक बाही, फक्त बाही. दर वेळी भिंग लावून टाका न् टाका तपासला. पाचव्या खेपेला कोट आला, आणि त्यासोबत त्या स्वतः, डबा घेऊन.

कोट जाड असल्याने नऊ तास लागले. मध्येच त्या म्हणाल्या, "चालू आहे का हो हे? आवाज तर काहीच नाही."

त्याने सवयीने कान लावला. डोळे मिटले. आत पाणी चढत होतं, एवढंच. "चालू आहे," तो म्हणाला, पण स्वतःच्याच मशीनचं निदान करता येईना म्हणून जरा ओशाळला.

कोट निघाला तो आतून पिवळट नव्हे, मोतिया रंगाचा. बाईंनी गुंड्या मोजल्या, वास घेतला, आणि मग जाळी मागितली. जाळीवरचा भुगा तराजूवर ठेवला. काटा हलला नाही. बाईंनी तराजूला टिचकी मारून बघितली. तरी हलला नाही.

"असं एक मला बनवून द्या," त्या म्हणाल्या. "आणि वर एक दिवा बसवा. नाहीतर मी दिवसभर ते चालू आहे की नाही याच काळजीत राहीन."

कपडेपटातलं ते मशीन पाहून एका संग्रहालयाने मागवलं, मग एका पाळणाघराने. अशी नऊ मशीन त्याने बनवली, सावकाश, एकेक. उरलेल्या दिवसांत दुरुस्तीचं काम चालूच राहिलं.

राजाचा तो कोट ज्यात होता, त्या नाटकाचा पहिला प्रयोग संध्याकाळचा होता. बाईंनी तीन तिकिटं पाठवली. ड्रममास्तरने राजाचं बोलणं ऐकलं नाही; तो कोट बघत होता. तिसऱ्या अंकात कुणीतरी राजाला सुरा मारला आणि कोटाच्या छातीवर लालभडक रंग पसरला. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं होतं. सातव्या रांगेत मात्र एक माणूस ताडकन उभा राहिला.

"गार पाणी घ्या!" तो ओरडला. "गरम अजिबात नको!"

ताईने त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. भाऊजी मात्र इतके हसले, की मेलेल्या राजाने एक डोळा उघडून सातव्या रांगेकडे पाहिलं.