बँकेच्या साहेबांनी हातातला कप पाहिला तेव्हा

पंचेचाळिशीत मी वाशीच्या बाजारात चहाचं दुकान टाकायचं ठरवलं. तेही साधंसुधं नव्हे, फ्रँचायझी! पाटी कंपनीची, चव कंपनीची, घाम तेवढा माझा. खताच्या दुकानात वीस वर्षं दुसऱ्याची पोती मोजलेल्या माणसाला ही केवढी बढती! पैशासाठी बँकेत अर्ज केला. कर्जाला हमी सरकारची, गहाण काही नको. अट एवढीच की धंदा नवा हवा. साहेब येऊन रिकामा गाळा बघणार, मग मंजुरी. कंपनीनं वाशीचं दुकान माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंतच राखलं होतं. माझ्यामागं दुसरा एक गडी रोख घेऊन उभाच होता.

आता साहेब येणार म्हटल्यावर आमच्याकडं सत्कार आलाच. आईनं शाल, नारळ, फेटा आणला. "पाटी बोडकी दिसती रं," म्हणत पाटीला झेंडूचा हार घातला. भावकी खुर्च्या भरून बसली. मीही काही कमी नाही. दारातली रांगोळी माझ्याच हातची!

साहेब गाडीवरून उतरले. हार पाहिला, रांगोळी पाहिली, मग प्रत्येकाच्या हातातला चहाचा कप पाहिला आणि फाइल परत पिशवीत घातली.

"उद्घाटन उरकलं की तुमचं! चालू धंद्याला हे कर्ज मिळत नाही."

मी शाल घेऊन पुढं धावलो. "न्हाय साहेब, हे तर तुमचं स्वागत!"

"मग हा चहा कुठला?"

नेमके तेव्हाच समोरच्या टपरीचे मामा आपली किटली परत न्यायला आले. माझ्या दुकानाची बातमी कळल्यापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. आईनं परस्पर त्यांच्याकडूनच चहा मागवला होता. अख्ख्या बाजारात माझं दुकान होऊ नये असं वाटणारा हा एकच माणूस, आणि आता सगळं त्यांच्याच शब्दावर. मामांनी सावकाश मिशी पुसली. त्यांना मजा येत होती.

"चहा माझा अन् नाव ह्याचं? हे मला चालायचं न्हाय, साहेब! आत जाऊन बघा. शेगडी न्हाय, पातेलं न्हाय. ह्या गड्याला अजून आधण ठेवता येत न्हाय!"

भावकी खो-खो हसली. साहेब आत गेले. तिथं एक केरसुणी होती आणि मालकाचा, म्हणजे माझाच, जेवणाचा डबा. बाहेर येऊन त्यांनी फाइल काढली, फोटो घेतले आणि मामांचा चहा मागितला. सत्कार मात्र नको म्हणाले. मग आईनं तो फेटा मामांनाच बांधला.

मंजुरी महिनाअखेरच्या आधी आली. खऱ्या उद्घाटनाला पहिला कप मी मामांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. बाजार श्वास रोखून उभा.

"लई कच्चा हाय," मामा म्हणाले आणि रिकामा कप पुढं केला. "आणखी अर्धा दे. नीट बघतो."