काका बाहेर गेले की डिस्क थांबायची

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेहमी वाचतो, पण विश्वास ठेवून नाही. खरं सांगायचं तर जेवताना करमणूक म्हणून. भोसरीत, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'मशीन आपोआप बिघडलं' असं कुणी म्हटलं की मी मनातल्या मनात हसतो... आपोआप काही होत नसतं. तरी हे लिहितोय. भीती वाटली म्हणून नाही, लाज वाटते म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी संघमित्राताई (नाव बदललंय) आपल्या वडिलांना घेऊन आल्या. काका इथल्याच एका वर्कशॉपमधून रिटायर झालेले. तरुणपणापासून भीमगीतं गायचे. शिफ्ट सुटली की तालीम, जयंतीच्या दिवसांत ठिकठिकाणी कार्यक्रम. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्यांची सगळी रेकॉर्डिंग्ज घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर होती, दुसरी कॉपी नव्हती, आणि आता ती डिस्क उघडत नव्हती.

"दादा, बाबांचा आवाज एवढाच उरलाय," ताई म्हणाल्या.

मी डिस्क काढून माझ्या लिनक्सच्या मशीनला जोडली. डिस्क किती वेगानं वाचली जाते ते मोजायची एक साधी कमांड लिनक्सवर असते. चांगली डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे जाते. ही दोनवर रखडत होती. आशा सोडा, असं सांगणारच होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचे काका उठून टेबलापाशी आले. कशाला हात लावला नाही, नुसते उभे राहिले. मी सवयीनं कमांड पुन्हा चालवली... एकशे दहा.

मला वाटलं कॅशे असेल. म्हणजे आधी वाचलेलं मेमरीतूनच परत मिळतं आणि आकडा उगाच फुगतो. कॅशे रिकामी केली. आकडा तोच. घाईघाईनं गाणी कॉपीला लावली, भराभर यायला लागली. काका पाणी प्यायला बाहेर गेले आणि कॉपी जागच्या जागी थांबली. ते आत आले – पुन्हा सुरू.

इथून पुढं माझ्या डोक्यात फक्त आकडे राहिले.

"काका, जरा बाहेर थांबता का?" थांबले. वेग दोन. "या आत." पुन्हा शंभराच्या वर. केबल बदलली, पोर्ट बदलला, माझा लॅपटॉप लावून बघितला, पंखा बंद केला, काकांचा मोबाईल काढून ताईंकडे दिला. काही फरक नाही. मध्येच ताई फोन आला म्हणून शेजारच्या जिन्यात गेल्या, तर म्हटलं आता अंतर बघू. "काका, अजून थोडे लांब... त्या रिक्षा स्टँडपर्यंत जा." ते मुकाट्यानं गेले.

ताई परत आल्या. "बाबा कुठे आहेत?"

मी स्क्रीनवरून नजर न काढता बोटानं बाहेर दाखवलं.

ऊन मी म्हणत होतं. शेअर रिक्षांच्या गर्दीत काका दुकानाकडे तोंड करून उभे होते, मी हात कधी करतो याची वाट बघत.

ताईंचा आवाज चढला नाही. "कशासाठी उभं केलंय त्यांना?"

"तपासत होतो..."

"काय तपासत होता?"

मी उगाच उठून पंखा चालू केला.

"दादा, गावात आमच्या बाबांना लोकांनी दाराबाहेर उभं केलं, म्हणून ते इकडं आले. आता तर त्यांना 'का' म्हणून विचारताही येत नाही."

मी स्वतः जाऊन काकांना घेऊन आलो. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बसल्यावर त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, डिस्ककडे बोट केलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"विचारतायत, माझ्यामुळं बिघडतंय का," ताई म्हणाल्या.

उलटं आहे काका, तुमच्यामुळंच चालतंय – अगदी जिभेवर आलं होतं. पण एवढा छळ करून वर थापा मारतोय, असं ताईंना वाटलं असतं. मी म्हणालो, "नाही काका, डिस्क गरम होते."

मग त्यांना हलू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी गाणी उतरली. एक लावलं. तो खणखणीत आवाज ऐकून रस्त्यावरचे दोघंतिघं दारात थबकले. काकांचे ओठ हलत होते, बोटं मांडीवर ठेका धरत होती.

ते गेल्यावर मी डिस्क परत जोडली. मशीनला ती दिसलीच नाही. नंतरही कधी दिसली नाही.

चाकणला एका कंपनीत आयटी बघणारा माझा मित्र म्हणतो, "कनेक्टर सैल असणार भावा, कुणी जवळ आलं की टेबल हलत असेल." असेलही. पण तेच टेबल मी स्वतः हलवून, ठोकून बघितलं होतं. ताई जवळ येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाही वेग दोनच होता.

पुढं वस्तीतल्या विहारात ती गाणी ऐकवायचा कार्यक्रम झाला. ताईंनी आग्रहानं बोलावलं म्हणून गेलो. त्यांनी माइकवर माझं नाव घेतलं. "ह्या दादांनी अख्खी दुपार खपून आमच्या बाबांचा आवाज परत आणला." टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतून काका मागे वळले आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले... मला मान वर करता आली नाही.

त्या दुपारी नेमकं काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. आणि जेवढं दिसलं, तेवढंही काकांना सांगायला मी अजून गेलेलो नाही.