दिव्याच्या बांधाचा फोटो

आधीच सांगतो, रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू उचलून त्याचं सरबत करेन अशातला मी माणूस. डोंबिवलीत लहानाचा मोठा झालो, वागळे इस्टेटमध्ये दिनेश नावाच्या पार्टनरबरोबर फोटो प्रिंटिंगचं छोटं युनिट चालवतो. भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची आयुष्यभर टर उडवली. त्यामुळे हे लिहायला जिवावर येतंय... पण मनात ठेवूनही चैन नाही.

मागच्या वर्षी भातकापणीनंतर सुनंदाताई युनिटवर आल्या. माहेर डोंबिवलीजवळच्या दिवा गावचं. खाडीकाठचं शेत बिल्डरला दिलेलं, महिन्याभरात त्यावर भराव पडणार होता. वडील बाळारामकाका त्यांच्याकडे डोंबिवलीला सातव्या मजल्यावर राहायला आलेले, आणि आल्यापासून एका जागी बसत नव्हते. खिडकी, दार, परत खिडकी. जेवण अर्धं टाकून उठायचे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेताचा मोठा फोटो समोर लावला तर बापाचा जीव शांत होईल, असं ताईंना वाटत होतं. बघून तिथे बसल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढीच त्यांची अट.

आता हे ‘वाटणं’ म्हणजे माझं जुनं दुखणं. समोर उभं राहून जे वाटतं ते कागदावर येतच नाही. आभाळ येतं, गवत येतं, वाटणं मात्र मशीनमध्येच कुठेतरी अडकतं. पण त्या सकाळी दिव्याला गेलो आणि खरंच बरं वाटलं. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बांध, एका बाजूला कापलेलं शेत, दुसऱ्या बाजूला खाडी. फोटो काढले, बांधावर बसून डबा खाल्ला, चपला काढून चक्क आडवा झालो. तीच शांतता प्रिंटमध्ये हवी म्हणून रंग मऊ ठेवले, सावल्या हलक्या केल्या, भारीतला कॉटन पेपर लावला.

पहिला प्रिंट निघाला. दिनेश अर्धा मिनिट बघत राहिला, मग खिसे चाचपायला लागला. घरी गॅस चालू राहिला वाटतं म्हणाला आणि गेला. गॅस बंदच होता. प्रिंट घरी नेला, तर बायकोने तो बघून चिपळूणला आईला फोन लावला. सगळं ठीक. दहा मिनिटांनी परत लावला. मलाही तेच होत होतं — काहीतरी उघडं राहिलंय, कोणीतरी जायला हवं, आत्ताच्या आत्ता.

मग मी हट्टाला पेटलो. उजेड वाढवला, फ्रेममधून खाडीचं पाणी कापलं, पेपर बदलला. सहा प्रिंट काढले, आणि ज्याने बघितला तो चुळबुळ करत उठला. म्हणजे भावना उतरली होती. फक्त ती माझी नव्हती. आणि हे त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यासमोर टांगायचं? मी ताईंकडे वेळ मागितला. त्या म्हणाल्या, थांबू नका. आदल्या दिवशी काका एकटेच खाली उतरून दिव्याची रिक्षा शोधत स्टेशनपर्यंत गेले होते.

दुपारी प्रिंट घेऊन गेलो. भिंतीला लावला आणि मी मुद्दाम दारात उभा राहिलो, काका पळाले तर धरायला. ते बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसले.

“कोन होता रं तिथं?” त्यांनी विचारलं. मी होतो, म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी खाडी तुडुंब भरते. तेव्हा बांधावर फिरायचं, खेकड्यांची बिळं बुजवायची. एक बीळ राहिलं तर बांध फुटतो आणि शेत खारं होतं. चाळीस वर्षं त्यांनी एक उधाण चुकवलं नव्हतं. आता तिथे कोणीच नाही, याचाच त्यांना घोर लागला होता.

“आथा तू बगशील ना रं?”

मी हो म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार?

त्या दिवशी काका पोटभर जेवले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. ताईंना रडू आवरेना. तेव्हापासून ते ठणठणीत आहेत. युनिटवरचे उरलेले प्रिंट बघून आता कोणाला काही होत नाही. दिनेश म्हणतो, कॅलेंडरला चालेल.

मला मात्र दर पंधरवड्याला एका दुपारी बसवत नाही. बाराच्या सुमाराला हातातलं काम टाकून स्कूटर काढतो. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत भराव. बांध उरलेलाच नाही. तरी पत्र्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, खाली बघत. मग बरं वाटतं. मी तिथी बघून जात नाही. घरी येऊन कॅलेंडर बघतो तेव्हा अमावस्या नाहीतर पौर्णिमा असते.

उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त ‘मानसिक ताण’ लिहू नका, ते डॉक्टरांकडून ऐकून झालंय.

परवा दिव्याहून निघताना सहज ताईंना फोन केला, काका कसे आहेत म्हणून. मजेत आहेत म्हणाल्या, आत्ताच जेवायला मागितलं. “म्हणतात कसे, ‘तो फिरून आला बांदावरून, आथा वाढ मना.’ वय झालं हो, काहीतरी बोलत असतात.”

मी तिकडे जातो हे अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.