कमळाच्या रसाला आलेलं वाघूळ

…तर तिसरं वाघूळ जितं होतं, इथवर आलो होतो आपण. भडगावच्या अलीकडे, गिरणेकाठी झुंबरबाईची केळीची बाग. सकाळी ती आत शिरली तर जाळ्यात तीन वाघळं अडकलेली. दोन गार पडलेली, तिसरं धापा टाकतंय.

जाळं तिच्या लेकानं, दीपकनं, परवाच बांधलं होतं. घडांवर ओरखडे दिसू लागले होते, आणि परदेशी जाणाऱ्या केळीवर व्यापारी नखाएवढा डाग खपवून घेत नाही.

झुंबरबाईनं हाताला पदर गुंडाळला आणि विळ्यानं जाळ्याचे दोरे कापायला घेतले. वाघळं तिला नवी नव्हती. चिंचेवरची थोराड, उंबरं-जांभळं खाणारी. देवळाच्या शिखरातली चिमुकली, डास टिपणारी. हे मधल्या अंगाचं, तोंड कुत्र्याच्या पिल्लागत. इतक्या जवळून मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती. पंख कसला, लांबलचक बोटांवर ताणलेलं कातडं! अंगठ्याला तेवढी वाकडी नखी. घडाखाली लोंबणाऱ्या कमळातलं, म्हणजे केळफुलातलं, एक फूल खुडून तिनं पुढे धरलं. त्यानं लांब जीभ काढून आतला रस चाटला. शेजारच्या हिरव्या केळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाईनं वर लोंबणाऱ्या कमळांकडे पाहिलं. घड भरला की कमळ तोडायचं असतं. पण थोरले दीर वारले, आणि सुतकात हिरव्याला विळा लावायचा नाही ही घरची रीत. कमळं तोडायला आलेल्या मजुरांना तिनंच बांधावरून परत लावलं होतं. सुतक फिटलं तरी कमळं लोंबत राहिली, रस गळत राहिला. वाघळं रसाला आली. लटकायला घडाखेरीज दुसरं काय होतं? नखी केळ्यात रुतली.

तेवढ्यात दीपक आला.

"माय, जाळं कापी टाकं? येडी व्हई गयी का?"

"जित्तं शे रे ते."

"उद्या गाडी उनी आनि डाग निंघना, म्हंजे बठ्ठा माल आठेच टाकी जाई तो. मंग वाघूळ पोसी का आपले?"

बोलला ते खोटं नव्हतं; गाडी आली आणि डाग दिसला, की व्यापारी सगळा माल इथंच टाकून जाणार. ती वाघूळ पदरात घेऊन बांधावरच्या चिंचेकडे गेली, ते खोडाला लावलं. ते वीतभर सरकलं आणि थांबलं. एक पंख फाटलेला. उडेल की नाही, कुणी सांगावं?

मागून दीपक आला. कापलेलं जाळं त्याच्या खांद्यावर होतं.

"सांग मंग, आज बांधू का नको?"

झुंबरबाई म्हणाली, "आज नको. सुतक आपलं व्हतं, वाघळास्ले काय माहीत? आवतन मीच दिधं. इळा ली ये, बठ्ठी कमळं तोडी टाकूत. तरी बी वाघळं उनात, ते जाळं बांधजो. मंग मी आडवी येवाव नई."