चाकाखालचा धोंडा

गेल्या महिन्यात नाना गेले. आदल्या संध्याकाळी मी पेज भरवत होते, तेव्हा मध्येच त्यांनी विचारलं, "अगं, धोंडा लावलास ना?" मोटार विकून कैक वर्षं झाली होती... मी म्हटलं, "लावलाय." तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं आणि उरलेली पेज त्यांनी मुकाट्यानं संपवली.

नाना म्हणजे माझे यजमान. जव्हार-मोखाड्याकडच्या जुन्या मंडळींना ते मोटारवाले नाना म्हणून आठवत असतील, नाहीतर पेट्रोलच्या थेंबासाठी उतारूंना घाट चढायला लावणारे चिक्कू नाना म्हणून. दोन्ही खरं आहे. संस्थानच्या काळात त्यांनी मुंबईहून एक जुनी मोटार आणली. तिचं पेट्रोल रेल्वेच्या स्टेशनापासून डब्यांतून, बैलगाडीनं घाट चढून यायचं. "बैलांनी घाम गाळून आणलंय, ते उधळायचं नाही," असं म्हणत नानांनी मोटार सोलायलाच घेतली. मागचं टप गेलं, अवजारांची जड पेटी गेली. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाईल अशी इंजिनाची सुई पिळली. पाय जास्त दाबला जाऊ नये म्हणून पायपट्टीखाली लाकडाचा ठोकळा ठोकला. मोटार अंगणात नेहमी उताराकडे तोंड करून उभी असे, म्हणजे इंजिन सुरू करायला हँडल मारत बसायला नको. पुढच्या चाकाखाली एक काळा धोंडा. तो काढायचं काम माझं. नाना आत बसून ओरडत, "काढ!" मी धोंडा बाजूला केला की मोटार आपोआप घरंगळायला लागे आणि मी नऊवारी सावरत धावत जाऊन पायरीवर उडी मारत असे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत. धोंडा बरोबर न्यायचा नाही, त्याचंही वजन! मला याची फार मजा वाटायची, हे आता सांगायला हरकत नाही.

उताराला ते इंजिन बंदच करत. आज कुणी असलं करू नये, पण तेव्हा रस्त्यावर होतं कोण? होती ती गुरं आणि मोळीवाल्या बाया, आणि त्यांना ही मुकी मोटार आल्याचं कळेच ना. एकदा वळणावर एक म्हातारी दचकून मोळीसकट खाली बसली. नानांनी तिला पाणी पाजलं आणि पुढच्याच खेपेला माझ्या वडिलांच्या बैलांची घुंगरमाळ मोटारीच्या तोंडाला बांधली. मग उतारावरून आम्ही घुंगरं वाजवत जाऊ लागलो. शेतातून एक म्हातारबाबा ओरडले, "बैलं कुठं हायेत रं?" नाना म्हणाले, "पोटात निजल्यात, बाबा! उठवू नका, खायाला मागतील!"

माझं माहेर खोडाळ्याचं. बैलगाडीनं जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, आणि आई थकत चालली होती. मोटार आल्यापासून मी सकाळी जाऊन दिवेलागणीला परत येत असे. पण नुसत्या उतारूंवर मोटार चालेना. दवाखान्याच्या डॉक्टरांना रोगी तपासायला दर आठवड्याला खोडाळ्याच्या बाजाराला न्यायचं काम मिळालं तरच ती राहणार होती, नाहीतर विकायची. संस्थानचे कारभारी म्हणाले, "एवढं पिणारं जनावर दरबाराला परवडायचं नाही. एका डब्यात खोडाळा जाऊन येऊन दाखवा, काम तुमचं." आमच्या हलक्या केलेल्या मोटारीलाही डबा संपून वर थोडं लागतच असे.

परीक्षेच्या दिवशी कारभारी स्वतः पुढे बसले. चांगले भरदार गृहस्थ. मागे मी आणि कंपाउंडर. मोखाड्याअलीकडच्या चढाशी नाना थांबले. आम्ही दोघं सवयीनं उतरलो. कारभारी हलेनात. नाना हात जोडून म्हणाले, "रावसाहेब, अट आपली आहे आणि वजनही आपलंच आहे." मला वाटलं, गेलं आता काम. पण कारभारी उतरले. वाटेत मी त्यांना करवंदं काढून दिली, ती खात खात ते घामाघूम होऊन माथ्यावर पोचले तेव्हा चक्क खुशीत होते. परतताना तर प्रत्येक चढाला तेच आधी उतरत आणि मला म्हणत, "चला बाई, चला!" उताराला इंजिन बंद करायला नानांना क्षणभर उशीर झाला, तर तेवढंही त्यांना खपेना.

जव्हारचा शेवटचा चढ संपता संपता इंजिन खोकलं आणि गप्प झालं. माथा हातभर पुढे होता. मला रडूच कोसळलं... आता आई दिसायची ती सणावारालाच. तेवढ्यात बघते तर कारभाऱ्यांनी पगडी कंपाउंडरच्या हातात दिली होती आणि ते मागून मोटार ढकलत होते! नाना ओशाळून म्हणाले, "रावसाहेब, हे अटीत बसत नाही." धापा टाकत कारभारी म्हणाले, "अट कुणी घातली? मी! मग काय बसतं ते मी बघतो. तुम्ही चाक सांभाळा." मोटार माथ्यावरून कलली, आम्ही धावत चढलो आणि थेट दवाखान्याच्या दारापर्यंत घुंगरं वाजवत गेलो.

त्यानंतर आई होती तोवर दर बाजाराला मी तिला भेटले. याहून जास्त मी आयुष्याकडे काय मागणार होते? पुढे संस्थान गेलं, एसटी आली, मोटार विकली. घुंगरमाळ नातवंडांनी खेळून तोडली. अंगणातला धोंडा तेवढा राहिला. सुनेनं दोनदा तो हलवायला काढला, नानांनी दोन्ही वेळा हलवू दिला नाही.

मुलगा अस्थी घेऊन निघाला त्या सकाळी सगळे त्याला निरोप द्यायला फाटकापाशी गेले होते. मी एकटीच अंगणात उतरले. पदर खोचला आणि दोन्ही हातांनी धोंडा बाजूला केला. पूर्वी एका झटक्यात निघायचा, आता दम लागला. म्हटलं, "काढला हो... निघा आता. पुढे सगळा उतारच आहे."

या वेळी मात्र मी धावले नाही.