थकणारा लाल ट्रॅक्टर

बाबांचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, वादी अदाईच्या चढावर गाडीत होते. "मिलिंद गेला," एवढंच ते म्हणाले... अल हैलच्या घरी सकाळी चहा करायला उठलेले काका स्वयंपाकघरातच कोसळले होते. त्याला आता महिना होत आला. भेटणारे सांगतात, फार शांत माणूस, कधी कुणाशी वाद घातला नाही. मला या स्तुतीचा राग येतो.

मिलिंदकाका विद्युत अभियंता. त्यांच्या कंपनीच्या मालकाला सगळे अर्बाब म्हणत. त्याला जुन्या यंत्रांचा भारी नाद. सीबच्या पुढे त्याची खजुराची बाग आहे; तिथे त्याने विजेवर चालणारे दोन जुने अमेरिकन बागेचे ट्रॅक्टर आणून ठेवले होते, एक बुटका लाल आणि एक थोरला पिवळा. शुक्रवारी काका त्यांची देखभाल करायला जात, बरोबर पुष्कळदा मी. पिवळ्याच्या बॅटऱ्या मोठ्या, मोटार दमदार. झावळ्यांची ट्रॉली ओढत तो दिवसभर चालायचा. लाल हळू चालवला की बरीच वीज आतल्या तारांच्या वेटोळ्यांत तापूनच वाया जायची, आणि दुपारपर्यंत तो मान टाकायचा. तरी रोजच्या कामाला कुठला ठेवू, असं अर्बाबने विचारलं तेव्हा काकांनी लाल सांगितला.

"काका, उलटं सांगितलंत," परतताना मी म्हणाले. "पिवळा थकतच नाही."

"तोच तर त्याचा दोष आहे."

तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नसते, आधी सावलीत निवू द्यायची असते. हे काकांकडून ऐकून अर्बाबने झावळ्यांनी शाकारलेली शेड बांधली, पंखाही लावला. उन्हात राबणाऱ्यांना दुपारी सुट्टी देण्याचा सरकारी नियम जूनमध्ये लागू होतो. ऊन एप्रिलपासूनच भाजतं. पण लाल थांबला की ट्रॉली थांबे, ट्रॉली थांबली की माळीही शेडमध्ये. रत्नागिरीकडचे याकूबभाई पंख्याखाली डबा उघडत आणि म्हणत, "ट्रॅक्टरशेट झोपले. यल्ला, आपण पण आडवे होऊ!" काका हसत. मला हसू येत नसे.

माझ्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. बाबा दर सुट्टीत नागपूरहून गठ्ठा आणत, आणि काकाच ती मला वाचून दाखवत. म्हणून त्यांना विचारायचा हक्क मला होता.

"बॅटरीला सावली मागता, माणसांसाठी का नाही? हक्क मागून घ्यायचा असतो, चोरून नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"माणसांसाठी मागितली असती तर त्याने विचार केला असता, पोरी. बॅटरीसाठी लगेच हो म्हणाला. तुझं पत्रक छापून होईपर्यंत याकूबला ऊन लागेल."

"आणि तुम्ही नसलात तर?"

त्यांनी गाडीचा एसी वाढवला. त्यांच्यामुळे याकूबभाईंचे कितीतरी उन्हाळे निभले, हे मी नाकारत नाही. पण ज्या सावलीचं नाव कधी मोठ्याने घेतलं नाही, ती एका माणसाच्या श्वासावर टांगलेली होती.

गेल्या आठवड्यात काकांची हत्यारं आणायला बागेत गेले. अर्बाबने तिथल्या बंगल्याच्या दिवाणखान्यात बोलावलं. गालिच्यावर, एसीत, पॉलिश करून लाल ट्रॅक्टर उभा होता. "मिलिंदभाईची आठवण," तो हिंदीत म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते अश्रू खरे होते. "आता याला काम नको. नवा इंजिनिअर म्हणाला, पिवळा दिवसभर चालतो."

मोठ्या काचेबाहेर भर दुपारी याकूबभाई पिवळा चालवत होते. डोक्यावर ओला टॉवेल, मागे झावळ्यांची ट्रॉली. शेड रिकामी होती.

"आणि माळ्यांची दुपारची विश्रांती?" मी विचारलं.

तो गोंधळला. खोटं बोलत नव्हता.

"विश्रांती? ती तर बॅटरीची होती."