सोबतचा माणूस

बसा, चहा उकळेपर्यंत माझी एक फजिती ऐका. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण ती घडत होती तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटला होता, एवढं ध्यानात ठेवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, राहायला पिंगळीला. मला डिप्रेशन आलं होतं. का आलं ते विचारू नका, मलाही सापडलं नाही. नोकरी होती, घर होतं, पोरगी शिकली होती, आणि मी मात्र भिंतीकडं तोंड करून पडलेला! शेवटी बायकोनं दंडाला धरून परभणीला मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं. हो, आमच्याकडं 'मेंदूचा डॉक्टर' असंच म्हणायचं, तेवढीच निम्मी लाज झाकते. गोळ्या लागू पडल्या. पण गावात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मास्तराचंच डोकं बिघडलंय म्हटल्यावर पोरं शाळेत पाठवील कोण?

त्यात पोरीची सोयरीक जुळत आलेली. चुडाव्याची मंडळी प्रणालीला बघून गेली होती. पोरगा गुणी, पोरीच्याही मनात भरलेला. पोराचे वडील गौतमराव रविवारी शेवटचा शब्द देणार होते. आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी मी दवाखान्यात बाकड्यावर बसलेलो असताना जिना चढून कोण वर यावं? गौतमराव!

पळणार कुठं? जिना एकच. दस्ती तोंडाला लावेपर्यंत त्यांनी मला बघितलं.

"जयभीम, गुरुजी. तुमी इथं?"

आता आमच्याकडं पेशंट सहसा एकटा जात नाही. सोबत एक माणूस असतोच, कधी कधी चार. म्हणजे दवाखान्याच्या बाकड्यावर निम्म्याहून जास्त माणसं चांगली ठणठणीत असतात. मग मीही त्यांच्यातच का नसावं? शेजारी एक म्हातारे धनगर बसले होते, खांद्यावर घोंगडं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आमच्या गावचे आबा हायेत. यांना दाखवायला आणलं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला. मग तो शांतपणे म्हणाला, "हां. यांनीच आणलंय."

का म्हणाला, ते मला नंतर कळलं. आबा पहिल्यांदाच आले होते, तेही एकटे. कंपाउंडरनं त्यांना सकाळीच बजावलं होतं, नव्या पेशंटला सोबतचा माणूस असल्याबिगर आत सोडत नसतो. त्यांना माणूस पाहिजे होता आणि मला पेशंट.

गौतमराव शेजारीच टेकले. आबांना काय होतंय, असं मला विचारू लागले. मला काय ठाऊक? मला ठाऊक होतं ते माझंच. झोप लागत नाही म्हणालो. जेवणाला चव नाही म्हणालो. माणसं नकोशी होतात, आंघोळीला उठायचं म्हटलं तरी रडू येतं. बोलता बोलता मी वाहवत गेलो, आणि थांबता काही येईना.

"खडू हातात घेऊन फळ्यापुढं उभं राहतेत," मी म्हणालो, "अन् काय लिहायचं तेच आठवत न्हाई."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. गौतमरावांनी आधी आबांच्या घोंगड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आबाच म्हणाले, "माझे लय हाल हायेत की मग."

पोरीचं लग्न मोडलं, मोडलंच, असं मनात चाललेलं असताना कंपाउंडरनं आबांचं नाव पुकारलं. सोबतचे कोण? उठावंच लागलं. आत डॉक्टरांनी मला लगेच ओळखलं. मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "साहेब, म्हातारी गेल्यापासून मला झोप न्हाई. पण आधी ह्यांना बघा. ह्यांचं ऐकून मलाच रडू यायलंय."

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. माझी मी खिशात कोंबली.

बाहेर आलो तर कंपाउंडर गौतमरावांना विचारत होता, सोबत कोण आहे? सगळं बाकडं ऐकत होतं.

"सोबत कुणी न्हाई," गौतमराव उभे राहत म्हणाले. "मीच पेशंट हाय. जुना."

आणि आत गेले. आबा गावाकडं गेले. मी तिथंच बसून राहिलो. गौतमराव परत आले तशी मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं धरली. आबा माझे कुणी नाहीत, ते सगळं दुखणं माझं आहे, असं सांगून टाकलं.

"ते मघाशीच कळलं मला," ते म्हणाले. "रविवारी मी न्हाई म्हणणार होतो. गोळ्यांमुळं न्हाई, गुरुजी. आपलं दुखणं दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्या माणसाशी सोयरीक कशी करावी, म्हणून." चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "आता हो म्हणतो."

लग्न झालं. आता आम्ही दोघं व्याही मिळून दवाखान्यात जातो, येताना गरम भजी खातो. शाळेत, पारावर, लग्नाच्या पंगतीत मी आपण होऊन सांगतो, मला डिप्रेशन होतं, गोळ्या चालू आहेत, त्यात लाजायचं काय? लोक म्हणतात, गुरुजी लय मोकळे झाले.

एक गोष्ट तेवढी व्याह्यांना अजून सांगितलेली नाही, आणि तुम्हीही सांगू नका. सगळ्यांसमोर ते 'मीच पेशंट हाय' म्हणाले ना, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? माझी चिठ्ठी माझ्या खिशात होती, आणि मी मनात म्हणालो, असल्या घरात पोरगी द्यायची कशी?